चिठ्ठी खिशात ठेवली तो रविवार

माझा धंदा जुन्या यंत्रांचा. कापसाच्या जिनिंगमधली मोडकी मशिनं, यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या बंद पडलेल्या मोटारी घ्यायच्या, दुरुस्त करायच्या, विकायच्या. सायकलवर भंगार गोळा करण्यापासून इथवर मी स्वतःच्या जिभेच्या जोरावर आलो. समोरच्याने सांगितलेला भाव पहिल्या फटक्यात कधीच मान्य केला नाही. आणि मी तापटही आहे. बायको म्हणते, एक चहा निवेपर्यंत यांची दोन भांडणं होतात.

दिग्रसजवळच्या आमच्या गावात कॅथलिक घरं मोजकी. फादर महिन्यातून दोनदा मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, करायला येतात. बाकीच्या रविवारी प्रार्थना चालवतात ते धर्मशिक्षक. आम्ही त्यांना मास्तर म्हणतो. मास्तरांनी बायबलातलं शुभवर्तमान वाचायचं आणि मग त्याचा अर्थ सांगणारी, फादरनी लिहून पाठवलेली चिठ्ठी वाचायची, अशी पद्धत. पदरचं काही घालायचं नाही.

तरुणपणी मास्तर झरी जामणीच्या जंगलात कोलामांच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, पायी फिरायचे. चिठ्ठीतलं त्यांना कोलामीत सांगायचे. एखाद्या शब्दाला कोलामी शब्द सापडला नाही, तर अंदाजाने ठोकून द्यायचे नाहीत. ‘फादरला विचारून पुढच्या खेपेला सांगतो’ म्हणायचे, आणि खरंच विचारून यायचे. एका शब्दासाठी येऊन-जाऊन वीस-वीस मैल. आमच्या धंद्यात असा माणूस मी पाहिला नाही.

तीन वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, माझी आई गेली. मी माल घ्यायला परराज्यात होतो. निरोप मिळताच निघालो. पोचलो तेव्हा थोरल्या भावाने माती देऊन टाकली होती. तिचं तोंडही मला दिसलं नाही. मी एकदा भावाला एकट्याला बोललो, एकदा दोन नातेवाइकांना घेऊन बोललो. ‘उन्हाळ्यात किती वेळ ठेवतो?’ एवढंच त्याचं उत्तर. मग मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

एका रविवारी मास्तरांचा घसा बसला. त्यांनी पुस्तक आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली. त्या दिवसाचं वचन अपराध करणाऱ्या भावाबद्दलचं निघालं. आधी त्याला एकांतात सांग, मग दोघांना घेऊन सांग, मग मंडळीसमोर सांग. तरीही ऐकलं नाही, तर तो तुला परक्यासारखा, जकातदारासारखा होवो. जकातदार म्हणजे त्या काळी कर गोळा करणारा, सगळ्यांनी हलका मानलेला माणूस. मी वाचत गेलो आणि डोकं तापत गेलं. भाऊ तिसऱ्या रांगेत बसला होता. मी चिठ्ठी खिशात घातली.

“दोन पायऱ्या मी चढलो,” मी म्हणालो. “आज मंडळीसमोर तिसरी. आता हा मले जकातदार. पुस्तकात लिवलं हाय.”

भाऊ उठला, बाहेर जाऊन त्याने चपला घातल्या आणि तो निघून गेला. वहिनी मागोमाग गेली.

मास्तर पुढे आले. हात पुढे केला. मी चिठ्ठी काढून दिली. बसलेल्या आवाजात, थांबत थांबत, त्यांनी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. लोक कान टवकारून ऐकत होते. माझ्याबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही.

प्रार्थना संपल्यावर मीच दाराशी त्यांना धरलं. “मास्तर, म्या काय खोटं वाचलं?”

“वाचलं खरं. सांगतलं खोटं.”

“मले वाचता येते, समजते बी.”

“पुस्तक तुले कोनं देलं? बाजारातून घासाघीस करून आनलं का?”

“चर्चनं देलं.”

“मंग अर्थ बी चर्चलेच विचार ना, लेका. प्रेषितांपासून जपून आनलं चर्चनं. तू काल आला अन् एक ओळ उचलून भावाच्या डोक्यात हानली. जकातदारासंगं प्रभू काय करे? त्याच्या घरी जेवे. अन् हे शुभवर्तमान ज्या मत्तयाच्या नावाचं हाय, तो कोन होता?”

“जकातदार,” मी चडफडत म्हणालो.

“तो परका झाला म्हंजे तुयं काम सुरू झालं, संपलं नाही. अन् हे माह्यं मत नोहे. माह्यं मत कोन पुसते?”

मी एका दुकानावर विश्वास ठेवणारा नाही. दुसऱ्या दिवशी यवतमाळला जाऊन फादरना गाठलं. मग तिथल्या मिशनच्या वसतिगृहाच्या सिस्टरना. मास्तरांचं नाव न काढता त्या वचनाचा अर्थ विचारला. दोघांनीही तेच सांगितलं. बाजारात तिघांचा भाव एकच निघाला की मी समजतो, यांचं आतून ठरलेलं आहे. इथेही ठरलेलं होतंच, पण माझ्या-तुमच्या जन्माच्या कितीतरी आधी, आणि कुणाच्या नफ्यासाठी नाही. ज्याचा त्याने अर्थ लावायचा म्हटलं असतं, तर माझ्यासारख्याने त्या पुस्तकाचा रोज एक नवा सोटा केला असता. बिशपपासून आमच्या घसा बसलेल्या मास्तरांपर्यंत कुणी तो माझ्या हाती देईना. मला त्यांचा राग आला, आणि त्याच वेळी वाटलं, माल खरा असल्याशिवाय माणूस इतका अडून बसत नाही.

चार दिवस मास्तरांचं ‘त्याच्या घरी जेवे’ डोक्यात घोळत राहिलं. मग संध्याकाळी भावाच्या घरी गेलो. तो खाटेवर बसला होता.

“कायले आला? आनखी एखादी पायरी राह्यली का?”

“जेवाले आलो.”

वहिनीने आतून विचारलं, “भाकर टाकू का, भाऊजी?”

“टाका.”

आम्ही जेवलो. हात धुताना तो पाठमोराच म्हणाला, “मायच्या अंगाले वास येऊन राह्यला होता. तुले कसं सांगाव?”

आईचं तोंड दिसलं नाही, हे मला आजही सलतं. ते मी त्याला माफ केलं असं म्हणणार नाही. पण आता दर रविवारी आम्ही एकाच रांगेत बसतो. मास्तरांनी मला पुन्हा वाचायला दिलेलं नाही, आणि मीही मागितलेलं नाही.