चवथीची सुट्टी आणि आमचा फॉक्सप्रो

मंडळी, आज दुपारी बायकोला आणायला गोव्यातल्या तुयेच्या कारखान्यात गेलो, तर तिच्या टेबलाभोवती कामगार जमलेले.

ती तिथे कामाच्या पाळ्या लावते. इतकी वर्षं ते काम तिनेच फॉक्सप्रो या जुन्या संगणकीय भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चाललं. या महिन्यात नवं सॉफ्टवेअर आलं आणि त्याने चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळ्यांना सरसकट दोन दिवस सुट्टी दिली.

"वयनी, माझो गणपती पाच दिवसांचो," बांद्याहून येणारा अनिल म्हणाला. "विसर्जनाक तो एकटोच जातलो काय?"

कुणाच्या घरी गणपती किती दिवस असतो, हे जुन्या प्रोग्रॅमला ठाऊक होतं. नव्याला ते कुणी सांगितलंच नव्हतं. नशीब, जुना अजून पुसला नव्हता. बायकोने तो चालवला, मॅनेजरने मान्यता दिली आणि अनिलला पाचही दिवस मिळाले.

"म्हाताऱ्याक इतक्यात घरी बसवू नकात," जुन्या प्रोग्रॅमकडे बोट दाखवत तो हसत म्हणाला.

बायको मात्र घरी येताना म्हणाली, "नव्यात हे सगळं घालून देते, मग खुशाल बदला."

मलाही वाटतं, जुन्या भाषा कधीतरी जातील. तुमच्या ऑफिसात अशी एखादी अजून चालते का? ती उद्या बंद केली, तर कुणाची चवथ चुकेल, हे कुणी विचारलंय?