अर्थाचा कोरा रकाना

आण्णांचा तेरावा झाल्यावर चौथ्या दिवशी त्यांची नात माझ्याकडं एक कागद घेऊन आली. ती कराटेच्या वर्गाला जाते. शनिवारी परीक्षा होती आणि सरांनी जपानी शब्द पाठ करायला दिले होते.

"तुम्ही फक्त शब्द विचारा, आजोबा. अर्थ मी सांगते. वाचता नाही आला तर मला दाखवा."

कागदावर दोन रकाने होते. डावीकडं शब्द, उजवीकडं अर्थ. चाळीसेक शब्द असतील. त्यांतले सतरा मला पाठ होते. तिला तसं सांगितलं नाही. विचारत गेलो.

ते मला कसे येतात, हे लिहून ठेवतो. आण्णा असते तर लिहू दिलं नसतं.

आण्णा माझे थोरले भाऊ, सात वर्षांनी मोठे. इंग्रजांच्या फौजेत गेले, सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या हाती लागले आणि लढाई संपेपर्यंत कैदेत राहिले. निजामाच्या मुलखातल्या आमच्या ईट गावी परत आले तेव्हा आई म्हणाली, "अर्धं पोतं बी भरायचा न्हाय." पोरगा जिवंत आला, याबद्दल ती तेवढंच बोलली.

कैदेतल्या त्यांनी मला दोनच गोष्टी सांगितल्या. एक, रोज हजेरीला जपानी आकडे म्हणायचे आणि पहारेकऱ्यापुढं कमरेत वाकायचं. उशीर झाला की थोबाडीत बसे. दुसरी, तिथं एक म्हातारा पहारेकरी होता. तो सकाळी रिकाम्या हातांनी लढायचा सराव एकटाच करी. आण्णा लांबून बघून तसं करू लागले. त्यानं पाहिलं. मारलं नाही, चुकलेला पाय काठीनं जागेवर सरकवून दिला. तिथून शिकवणी सुरू झाली.

"बाकीच्यांपुढं आमी वाकायचो, त्ये न्हाय वाकायचे," आण्णा म्हणाले. "ह्यो म्हातारा तेवढा आमच्यापुढं बी वाकायचा. आता कुणाच्या हुकुमानं वाकणार न्हाय."

खरंच वाकले नाहीत. तहसिलीत सलाम करावा लागतो म्हणून जमिनीच्या कामाला मला पाठवत.

गावच्या तालमीत त्यांनी पाच-सहा गड्यांना हे शिकवायला घेतलं. 'इची, नी, सान, शी' असे आकडे म्हणत ठोसे मारायचे. सुरुवातीला आणि शेवटी 'रेई' म्हणायचं. आधी शिकणाऱ्यानं वाकायचं, मग शिकवणाऱ्यानं. तालमीचे वस्ताद कुस्तीच्या हौद्याच्या कडेला बसून बघत.

"आण्णा, ही कुस्ती हाय का भांडण?"

"दोनी न्हाय."

"मग गडी इतके घामाघूम कशापायी हुत्यात? अन् वस्तादच चेल्यापुढं वाकाय लागला, तर चेल्यानं पाया कुणाच्या पडायचं?"

"कुणाच्याच न्हाय. त्यानं वाकावं, म्या वाकावं अन् कामाला लागावं."

वस्तादांना हे पटलं नाही. पण ते रोज येऊन बसत.

मी तालमीत कधी उतरलो नाही. माझं काम वहीचं. गड्यांना शब्द राहत नव्हते, म्हणून मी ते लिहून काढले. शाळा सगळी उर्दूत झाली होती. शिकण्यासारखं जे असेल ते उर्दूत लिहायचं, याच्यापलीकडं मला काही सुचत नसे. दोन रकाने आखले. एकावर लिहिलं 'लफ्ज', दुसऱ्यावर 'माने'. शब्दांचा रकाना भरला. अर्थाचा भरायला घेतला, तर आण्णांनी टाक काढून घेतला.

"अर्थ अंगानं दावायचा असतोय. लिहिला की गडी बसून वाचत्यात."

तो रकाना कोरा राहिला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या भागात कोण कुणाचा माणूस, हे कळेनासं झालं. एका बाजूला निजामाचे रझाकार, दुसऱ्या बाजूला हद्दीपलीकडच्या बार्शीकडून त्यांच्याशी लढायला येणारी पोरं. जिथं चार गडी एकत्र येत, तिथं पोलीस येत. तालमीची झडती झाली. दोन जोड्या मुदगल, लंगोट आणि माझी वही सापडली. वही मराठीत असती तर बाजूला पडली असती. उर्दूत होती, म्हणून ठाण्याचे मुख्य अमीनसाहेब यांनी ती सहज वाचली. वाचता येत होती आणि कळत नव्हती, हे त्यांना आवडलं नाही.

"ये जबान कौनसी?"

"जपानी, सरकार," मी म्हणालो.

"और माने?"

"लिहिले नाहीत."

"क्यूँ?"

मी खरं तेच सांगितलं. "माने हातापायांनी दाखवायचे असतात."

खरं उत्तर इतकं वाईट ऐकू येईल, असं मला वाटलं नव्हतं. ही हद्दीपलीकडच्यांची खुणेची भाषा आहे, असं ठरलं आणि आण्णांना ठाण्यात नेलं. तिसऱ्या दिवशी कळलं, शुक्रवारच्या मोटारीनं त्यांना मोठ्या तुरुंगात पाठवणार. तिथं गेलेले गावातले दोघं अजून परतले नव्हते.

गुरुवारी मी आणि वस्ताद ठाण्यात गेलो. मी म्हणालो, सरकार, परीक्षा घ्या. आपण वहीतला कुठलाही शब्द वाचा, हे करून दाखवतील. अमीनसाहेब शिकलेले होते. त्यांना परीक्षा ही कल्पना पसंत पडली. "एक भी गलत हुआ तो कल मोटार में," म्हणाले आणि खुर्ची अंगणात मागवली.

शब्द त्यांनी मुद्दाम उलटसुलट वाचले, एखादा मध्येच पुन्हा वाचून तीच हालचाल होते का पाहिलं. 'केरी' म्हणताच आण्णांनी लाथ मारली. 'उके' म्हणताच हात आडवा केला. 'यामे' म्हणताच थांबले. जमादार तोंड उघडं टाकून बघत होता. शेवटी अमीनसाहेबांनी वाचलं, "रेई."

आण्णा ताठ उभे राहिले.

"रेई," अमीनसाहेब पुन्हा म्हणाले.

समोर खुर्ची होती. खुर्चीत साहेब होते.

"वाका की, आण्णा," वस्ताद हळूच म्हणाले. एवढे दिवस बसून त्यांचा अभ्यास झाला होता.

"आरं, काय करायचं आसंल ते कर की लवकर," जमादार म्हणाला. "मोटारीची लई हौस हाय व्हय?"

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. माफी मागितल्यासारखं बघितलं. ते वाकणार नाहीत, हे मला कळलं.

मी पुढं गेलो. खुर्चीकडं पाठ करून आण्णांच्या समोर उभा राहिलो. पाय जुळवले आणि वाकलो. आमच्यात धाकट्यानं पाया पडायचं आणि थोरल्यानं डोक्यावर हात ठेवायचा. मी वर बघितलं तेव्हा आण्णा वाकलेले होते. मी वाकलो होतो तेवढेच.

"इसने पहले क्यूँ किया?" अमीनसाहेबांनी विचारलं.

"कायदा आहे, सरकार. शागिर्दानं आधी."

"तुम शागिर्द हो?"

"आजपासून."

अमीनसाहेबांनी टाक मागवला आणि कोऱ्या रकान्यात एकेक अर्थ स्वतः लिहिला. 'रेई'समोर 'सलाम' लिहिलं. संध्याकाळी आण्णांना सोडलं. वही मात्र दिली नाही. आता ती पुरी झाली होती, म्हणून दप्तरी जमा झाली.

वाटेत वस्ताद पुढं गेल्यावर आण्णा बोलले.

"ढोपरं वाकली तुझी. पाय सरळ ठिवायचे असत्यात."



"रेई," मी आता नातीला विचारलं.

"नमस्कार. वाकून."

"आधी कुणी?"

"हे कागदात नाही, आजोबा."

"शिकणाऱ्यानं," मी म्हणालो. तिनं पेन्सिलीनं ते बाजूला लिहून घेतलं.

आण्णा गेले त्या दिवशी त्यांना घराच्या अंगणात ठेवलं होतं, तेव्हा सगळे एकेक करून पाया पडले. माझी पाळी आल्यावर मी समोर उभा राहिलो, पाय जुळवले आणि ढोपरं सरळ ठेवून वाकलो. कंबर धरली असं समजून कुणीतरी मला सावरायला आलं. मी हातानं नको म्हटलं. जितका वेळ थांबायचा नेम असतो, त्याहून थोडा जास्त थांबलो. मग सरळ झालो.