आबांचा ट्रॅक्टर चढ चढेना

आबा आपण होऊन फोन करत नाहीत. मी केला तर उचलतात, "हं" म्हणतात आणि आईकडे देतात. त्यामुळे दसऱ्यानंतरच्या गुरुवारी, शाळेच्या मधल्या सुट्टीत त्यांचा फोन आला तेव्हा मी हातातला घास डब्यात परत ठेवला.

"काय न्हाय, सहज केला," आबा म्हणाले. मग जरा थांबून, "ट्रॅक्टर बरा हाय."

मी ट्रॅक्टरचं विचारलंच नव्हतं.

माझ्या काळजीला कारण लागत नाही, निमित्त पुरतं, असं माझा नवरा म्हणतो. पण यावेळी कारणही होतं. दोन वर्षांपूर्वी आबांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात बराचसा परत आला, पाय आला नाही. काठी टेकत गोठ्यापर्यंत जातील एवढाच. आमचा जुना मोठा ट्रॅक्टर क्लचचा, आणि क्लच डाव्या पायाने दाबायचा. तो विकला त्या दिवशी आबा भिंतीकडे तोंड करून झोपले आणि पुढचे आठ महिने जवळजवळ तसेच राहिले. जेवायचे, औषध घ्यायचे, विचारलं तेवढंच बोलायचे.

मग मी हा छोटा ट्रॅक्टर शोधून काढला. पुण्यातल्या एका बंगल्यांच्या वसाहतीत गवत कापायला ठेवलेला, जपानी, हायड्रोस्टॅटिक. गिअर नाही, क्लच नाही. इंजिन पंप फिरवतं, पंप तेल ढकलतो आणि त्या तेलाच्या जोरावर चाकं फिरतात. चालवणाऱ्याने फक्त उजव्या पायाने पेडल दाबायचं. जितकं दाबाल तितका पळतो, सोडलं की थांबतो. पहिल्या दिवशी आबांनी काही काम नसताना गोठा ते उसाची पट्टी अशा चार फेऱ्या मारल्या. त्या दिवसापासून रोजची वैरण तेच आणायला लागले आणि घरात पुन्हा त्यांचा आवाज ऐकू यायला लागला. आई म्हणायची, "बोलत न्हवते तवा बरं हुतं." पण हसत म्हणायची.

तर हा ट्रॅक्टर बंद पडला की आबा परत खाटेवर. एवढं साधं गणित होतं, आणि ते माझ्या डोक्यातून कधीच जात नसे.

शिवाय चोराच्या मनात चांदणं. दसऱ्याच्या आठवडाभर आधी ट्रॅक्टरचं तेल मीच बदललं होतं. आमच्याकडच्या मिस्त्रींना हे मशीन माहीत नाही, म्हणून पुस्तक बघून सर्व्हिसिंग मी करते. पुस्तकात लिहिलेलं तेल कोल्हापुरात मिळालं नाही. दुकानदार म्हणाला, "ताई, हेच घ्या, सगळे हेच टाकतात." नववीच्या वर्गाला द्रवाचा दाब शिकवणारी मी, मान डोलावून ते डबे स्कूटरवर घालून घेऊन आले. घरी कुणाला काही बोलले नाही.

रविवारी सकाळी कळंब्याच्या माझ्या घरून स्कूटरवर निघाले ती थेट गगनबावडा रोडला आमच्या रानात. आई डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन चढ चढून येत होती.

"चार दिस झालं, ह्यांनी मशीन भाईर काढली न्हाय," ती भारा टाकत म्हणाली. "इचारलं की वसकन अंगावर येत्यात."

आत गेले. खाटेच्या पायथ्याकडच्या भिंतीवर मातकट ठसे होते. पावलाचे. एकावर एक, गुडघ्याच्या उंचीवर.

"बघ की," आई म्हणाली. "दिवाळीला रंग द्यायचाय घराला, आन् ह्ये दिसभर लोळत पडत्यात आन् भिताडाला पाय लावत्यात."

मला ते आठ महिने आठवले. आबा गोठ्यात म्हशीजवळ बसले होते. मी म्हटलं, ट्रॅक्टर चालवून दाखवा. ते म्हणाले, कशाला. मी म्हटलं, मला बघायचाय. बराच वेळ ते म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, मग काठी घेऊन उठले.

त्याआधी मी तेल तपासलं. पातळी बरोबर होती. पाणी शिरलं असतं तर तेल ताकासारखं दिसलं असतं, तसंही नव्हतं. वास मला कळत नाही, तरी घेतला. इंजिन एका झटक्यात सुरू झालं, आवाज खणखणीत. उतारावर ट्रॅक्टर छान गेला. खाली ओढ्याजवळच्या पट्टीत आम्ही छोटी ट्रॉली वैरणीने भरली आणि आबा वळले.

चढाच्या मध्यावर ट्रॅक्टर मंदावला. इंजिनाचा आवाज तसाच, चाकांतला जीव मात्र गेलेला. मग तो थांबला, आणि मग सावकाश मागे सरकायला लागला. मागे ओढा. मी बाजूने चालत होते. आबांनी उजव्या गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून सगळा भार पेडलवर टाकला होता. त्यांची मांडी थरथरताना मला दिसत होती. ट्रॅक्टर मागेच येत होता. मी वाटेकडेचा मोठा दगड उचलून चाकामागे लोटला, तेव्हा कुठे आबांचा हात ब्रेककडे गेला.

आबांनी स्वतःच्या गुडघ्यावर जोरात चापट मारली. मला वाटलं, ट्रॅक्टरचा राग गुडघ्यावर काढला.

"आबा, कधीपासून असं?"

"दसऱ्यापसनं."

म्हणजे माझं तेल. मला खात्रीच पटली, आणि इतकी पटली की एकदा आपण स्वतः बसून पेडल दाबून बघावं हेही सुचलं नाही. वर्गात मुलांना मी सांगत असते, आधी पडताळा, मग निष्कर्ष. ट्रॉली परत खाली पट्टीत नेऊन सोडली, आबांनी रिकामा ट्रॅक्टर कसाबसा वर आणून छपरात लावला, आणि आता याला कुणी हात लावायचा नाही असं मी आबांनाच दरडावून सांगितलं. आबा काठी टेकत गोठ्याकडे वळले. तेच मला जास्त लागलं.

दोन दिवस मी फोनच करत होते. शेवटी शिरोळकडचा एक मिस्त्री मिळाला. ऊसतोडणीच्या मोठ्या मशिनी दुरुस्त करणारा. त्याही तेलाच्या जोरावर चालतात, आणि हंगाम सुरू व्हायचा होता म्हणून तो मोकळा होता. बुधवारी येतो म्हणाला. मधल्या दिवसांत मी फळ्यावर एक वाक्य अर्धं लिहून तशीच उभी राहिले, मुली हसल्या तेव्हा भानावर आले. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात. मी तर आबांना खाटेवर झोपवून, त्यांचं बोलणं बंद करून, घर सुनं करून मोकळी झाले होते.

बुधवारी मी रजा टाकली. मिस्त्री पिकअप घेऊनच आला, धिप्पाड आणि मोठ्या आवाजाचा.

"या पावणं," आबा अंगणातल्या खुर्चीवरून म्हणाले. उठले नाहीत.

मिस्त्रीने ट्रॅक्टर बाहेर काढला, अंगणात फिरवला, आणि इंजिन चांगलं तापल्यावर त्याचं नाक आंब्याच्या बुंध्याला टेकवलं. मग पेडल पूर्ण दाबलं. ट्रॅक्टर नुसता गुरगुरत उभा राहिला.

"आता बघा ताई," तो इंजिनाच्या वर ओरडून म्हणाला. "म्होरं आडलंय. तर चाकं जाग्यावर घुमाया पायजेत, न्हायतर इंजिन दमाया पायजे. हितं दोन्ही न्हाय. तेल चाकाकडं जातच न्हाय, आतल्या आत माघारी फिरतंय." त्याने इंजिन बंद केलं. "पंप झिजला असणार. नेऊन खोलावा लागंल. आन् पार्ट मिळंल का, ते मी सांगत न्हाय."

आईने पदर तोंडाला लावला. आणि आबा खुर्चीतून पुढे वाकले.

"म्हंजी, तुमी दाबलं तरी असंच?"

"व्हय की. कुणी बी दाबू दे."

"जोर लावून दाबलं तरी?"

"आबा, हत्ती बशिवला तरी चढायचा न्हाय ह्यो."

आबा हसले. तोंडभर हसले, कित्येक दिवसांनी. मला संताप आला. पंप गेलाय, सुटा भाग जपानहून आणावा लागेल, तोही मिळेल की नाही ठाऊक नाही, आणि हे हसतायत.

"हसताय काय, आबा?"

त्यांनी उजव्या मांडीवर हात ठेवला. "मला वाटलं, ह्यो बी पाय गेला."

चढावर गुडघा दाबणारे त्यांचे दोन्ही हात मला आठवले. मग भिंतीवरचे ठसे. आबा लोळत नव्हते. आईची पाठ वळली की खाटेवर पडून उजव्या पायाने भिंत दाबून बघत होते, जोर उरलाय का ते. इतके दिवस. आणि फोन करून मला सांगत होते, ट्रॅक्टर बरा आहे. त्यांच्या दृष्टीने तो खरंच बरा होता, बिघडला होता पाय.

मला रडू आवरेना. तशीच मी तेलाचं सांगून टाकलं, की पुस्तकातलं नव्हतं, दुसरंच घातलं, माझ्यामुळे पंप गेला. मिस्त्रीने तेल मोजायची पट्टी काढून दोन बोटांत तेल चोळून पाहिलं.

"तेल वाईट न्हाय, ताई. आन् तेलानं पंप असा आठ-पंधरा दिसात जातोय व्हय?" मग पिकअपला फळ्या लावत म्हणाला, "चला, ढकलून चढवू. हिचा न्यूट्रल कुठाय?"

न्यूट्रल नसतो. मागे हुकाखाली एक लहान दांडी असते. ती बाहेर ओढली की तेलाला आडवाट मिळते, चाकं सैल होतात आणि मशीन हाताने ढकलता येतं. ती ओढायला मी मागे जाऊन वाकले. दांडीवर खंडेनवमीचा झेंडूचा हार वाळून कडकडीत झाला होता. वाळला तरी हार काढायचा नाही, आपोआप गळू द्यायचा, हा आईचा नियम. मी हार वर उचलला.

दांडी आधीच दोन बोटं बाहेर होती.

मला क्षणभर काही कळेना. मग मी इतक्या मोठ्याने सगळ्यांना हाक मारली की म्हैस उठून उभी राहिली.

"ती व्हय," आई म्हणाली, "ती मीच वढली हुती. खंडेनवमीला पूजा झाली आन् पाऊस आला की. ह्ये गोळ्या खाऊन झोपलेले. मशीन अंगणात भिजाय लागली."

"मग सुरू करायला सांगायचं कुणाला तरी."

"पुजलेली मशीन सुरू करायची?" आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू शिक्षिका मी नव्हे, तीच. "सोनं लुटस्तोवर हत्याराला हात लावायचा नसतोय. वरच्या घरच्या जाऊबाईस्नी हाक मारली, दोघींनी ढकलत छपरात घातली. तेल बदलताना तूच दांडी दाखवली हुतीस न्हवं? परत दाबली की मी."

दाबली होतीच. पण हार सुतळीत ओवलेला, आणि सुतळीचा पीळ खाचेत अडकून बसला होता. दांडी अर्धी आत, अर्धी बाहेर. त्यामुळे निम्मं तेल चाकांकडे आणि निम्मं माघारी.

मिस्त्रीने चाकू काढला. आई म्हणाली, "हार तोडू नगा." मग ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि नखांनी सुतळीचा एकेक पीळ सोडवू लागली. आम्ही तिघं तिच्या डोक्यावर उभे. मला एकीकडे वाटत होतं की आता सगळं ठीक होणार, आणि लगेच दुसरीकडे, की पंपही गेलेला असला तर. आईला कसलीच घाई नव्हती. सुतळी सुटल्यावर तिने हार तुळशीपाशी नेऊन ठेवला, आणि मग मिस्त्रीने अंगठ्याने दांडी दाबली. टक् करून आत गेली.

"मी आपला पंपाला शिव्या घालत बसलो," तो म्हणाला.

आबा स्वतः उठून सीटवर बसले. कुणाला हात लावू दिला नाही. उतारावरून खाली गेले, ट्रॉली जोडून घेतली. रविवारची वैरण तशीच तिच्यात वाळून पडली होती. मग चढ. मी वर उभी राहून बघत होते, आणि माझ्याच उजव्या पायाचा अंगठा जमिनीत रुतला होता. मध्यावर माझा दगड अजून वाटेत होता. आबांनी एका हाताने स्टिअरिंग जरासं वळवलं, दगड चुकवला आणि वर आले. दुसरा हात मांडीवर निवांत पडला होता. वर येऊन त्यांनी ट्रॅक्टर वळवला आणि काही काम नसताना पुन्हा खाली गेले. मिस्त्रीचा चहा होईपर्यंत तीन फेऱ्या झाल्या.

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा आबा रानात होते, ट्रॅक्टरचा आवाज येत होता. आई चुन्याची बादली कालवत बसली होती. मी आत जाऊन भिंत पाहिली. उजव्या पायाचे ठसे वाळून फिकट झाले होते. त्यांच्या शेजारी, वीतभर खाली, एक नवा ठसा होता. पूर्ण पावलाचा नव्हे, नुसत्या टाचेचा आणि करंगळीच्या कडेचा. ओला होता अजून. डाव्या पायाचा.

पाय घसरला तर, पडले तर, हे माझ्या मनात आलंच. तरी मी बाहेर येऊन आईला म्हटलं, ती एक भिंत एवढ्यात रंगवू नको.