लिफ्टचा हुकूम

आमचे हे वीस वर्षं फौजेत होते. आता मुकुंदवाडी स्टेशनापलीकडच्या एका बिल्डिंगच्या गेटवर बसतात. त्याच बिल्डिंगीत पाचव्या मजल्यावर मी पोळ्या करते. घरात त्यांचा हुकूम कुणी ऐकत नाही, म्हणून गेटवर चालवतात, असं मी मनातल्या मनात म्हणते. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.

उन्हाळ्यात सोसायटीच्या चेअरमन साहेबांनी ह्यांना सांगितलं, कामवाल्या बायकांना लिफ्टमधून सोडायचं नाही. दुसऱ्या दिवशी मी आले तर हे लिफ्टपुढं ताठ उभे. मला म्हणाले, "बाई, जिन्यानं." तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच त्यांनी मला बाई म्हटलं. गुडघा धरून मी पाच मजले चढले.

संध्याकाळी घरी त्यांचं ताट मी वर गच्चीवर नेऊन ठेवलं आणि सांगितलं, जिन्यानं जा. मुकाट गेले. हुकूम पाळायची सवयच तशी. मग मलाच राहवलं नाही, मागून पाणी घेऊन गेले.

तिथं मी विचारलं, "फौजेत साहेबानं हातात काही नसलेल्या माणसांवर गोळी घाला म्हटलं असतं, तर घातली असती का?"

ते म्हणाले, तसा हुकूम मानायचाच नसतो, मानला तर मानणाराही गुन्हेगार, हे त्यांना शिकवलं होतं. हातातला घास परत ताटात ठेवला.

"पण खरं सांगू का, तसा हुकूम कधी मिळालाच नाय. मिळाला असता तर मी काय केलं असतं, मला नाय माहीत."

"आता मिळालाय की."

"लिफ्ट म्हणजे काय बंदूक हाये व्हय?"

"माझ्या गुडघ्याला विचारा."

नोकरी गेली तर या वयात दुसरी कोण देणार, ही काळजी मलाही होती. दोघांची भाकरी त्याच गेटातून येते.

सकाळी मी पोचले तेव्हा चेअरमन साहेब गेटवरच होते. ह्यांनी गेटची वही त्यांच्यापुढं धरली. म्हणाले, "साहेब, तोंडी हुकमानं घोटाळा होतो. इथं लिहा अन् खाली सही करा." साहेबांनी पेन घेतलं. 'कामवाल्या' एवढं लिहिलं, वर माझ्याकडं पाहिलं, मग ते खोडलं आणि नंतर बघू म्हणून गाडीत बसले.

ह्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. नुसतं लिफ्टचं दार उघडलं आणि आत हात घालून पाचचं बटण दाबलं.

महिना होत आला. वहीत अजून काही लिहिलेलं नाही, आणि ह्यांना कुणी काढलेलंही नाही. उद्याचं माहीत नाही. लिफ्ट उघडली त्या संध्याकाळी मात्र त्यांचं ताट मी खाली घरातच वाढलं.