साधनाबाई विमानात असताना

नातवंडाचं तोंड आधी कोण पाहणार, या एका गोष्टीवरून इंदिरानगरच्या उज्वलाताईंनी तीन महिने स्वतःचा जीव जाळून घेतला.

मुलगा सोमनाथ अमेरिकेत, सिॲटलला. सून मनाली देवळ्याची. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून आधी मनालीची आई साधनाबाई जाणार, उज्वलाताई नंतर. पोरांनी हे परस्पर ठरवून टाकलं. "माहेर देवळ्यात, बाळंतपण अमेरिकेत, मग कसली डोंबलाची रीत?" उज्वलाताई नवऱ्याला विचारायच्या. खंडेराव पेपर जरा वर धरायचे.

वरकरणी सगळं गोडीगुलाबीचं. डिंकाचे लाडू उज्वलाताईंनीच वळले, विहिणीच्या बॅगेत यांनीच भरले. साधनाबाई कधी विमानात बसल्या नव्हत्या. दुबईत विमान कसं बदलायचं तेही यांनीच समजावलं, कारण या एकदा जाऊन आल्या होत्या. समजावताना मनात आलंच, की चुकली तर बरं होईल.

ती चुकली नाही. मुंबई ते सिॲटल बारा हजार किलोमीटरच्या वर. घर सोडल्यापासून पोचेपर्यंत सव्वा दिवस तरी जातो. दुबईहून पुढचं विमान तर चौदा तासांवर उडतं, मध्ये कुठं टेकत नाही. फोनवरच्या नकाशात ते चिमुकलं विमान दुबईहून वेळेवर निघालेलं दिसलं, तशा उज्वलाताई चरफडल्या आणि मेथी निवडायला बसल्या.

संध्याकाळी सोमनाथचा व्हिडिओ कॉल आला. "आई, मुलगी झाली! डॉक्टरांच्या तारखेआधीच!"

दुपट्यातला लालबुंद चेहरा पडद्यावर आला. साधनाबाई तेव्हा कुठंतरी ढगांवर होत्या, फोन बंद. उज्वलाताईंचा हर्ष मनात मावेना. रडत रडतच त्यांना आठवलं, की पहिलं मी पाहिलं. मागून मनालीचा थकलेला आवाज आला, "आई, माझी आई कुठवर आली हो?"

"येतेच आहे गं," त्या म्हणाल्या. खरं सांगायचं तर विमानानं थोडी वाट वाकडी करावी असंच त्यांना वाटत होतं. मग त्यांनी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले आणि प्रत्येक दारात सांगितलं, "विहीणबाई अजून वाटेतच आहेत, मी मात्र पाहिली."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कॉल आला. या वेळी पडद्यावर साधनाबाई होत्या. विस्कटलेले केस, प्रवासातलंच लुगडं, आणि छातीशी नात.

"ताई, पहिलं तोंड तुम्हीच पाह्यलं. मान तुमचाच हाय," त्या मनापासून म्हणाल्या.

उज्वलाताईंना हसू आणता येईना. पडद्याला बोट लावलं तर गार काच लागली.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "तिच्या टाळूला वास कसा येतो हो?"

साधनाबाईंनी खाली वाकून बाळाच्या डोक्याला नाक टेकवलं, डोळे मिटले, आणि सांगायचंच विसरल्या.