पहिल्या बाकाची तक्रार

अक्कोरूंना कोणी "तुमचं चुकतंय" म्हटलं की त्या चालायला लागत. फळ्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून फळ्यापर्यंत, हातात खडू आणि ओठ घट्ट मिटलेले. हुबळीत शिक्षिकेला अक्कोरू म्हणतात. आमच्या मराठी शाळेत तशा पाच-सहा अक्कोरू होत्या, पण नुसतं 'अक्कोरू' म्हटलं की त्या गणिताच्याच. मुलांनी त्यांचं नाव 'येरझार अक्कोरू' ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं.

आठवीत संतोषनं त्यांच्या एका उदाहरणातली चूक भर वर्गात दाखवली. अक्कोरूंची रागाची भाषा कन्नड. "सुम्न कूड!" त्या कडाडल्या. संतोष मुकाट्यानं खाली बसला, येरझारा सुरू झाल्या आणि तास तसाच संपला. दुसऱ्या दिवशी हजेरीच्याही आधी त्यांनी तेच उदाहरण फळ्यावर मांडलं, संतोषचं उत्तर काढून दाखवलं आणि म्हणाल्या, "काल माझ्या दोन चुका झाल्या. एक वजाबाकीची. दुसरी, ह्याला गप्प बसवलं ती. पहिली पुसता येते."

वह्यांचा गठ्ठा घेऊन मी त्यांच्याबरोबर जात असताना त्यांनी एकदा आपण होऊन सांगितलं, "मला आधी राग येतो ग, मग कळतं. मधल्या वेळात तोंडातून काही वाकडं जाऊ नये म्हणून चालते." हा मधला वेळ बहुतेकदा एका रात्रीचा असे. माझ्या वडिलांच्या बाबतीत तो तीन आठवडे लांबला.

दहावीच्या सहामाहीनंतर अक्कोरूंनी मार्कांप्रमाणे बाक लावले. पुढं हुशार, मागं नापास. मी पहिल्या बाकावर आले. घरी जेवताना मी हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं. आप्पा रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. फार बोलत नसत. घास हातातच ठेवून त्यांनी विचारलं, "आणि शेवटच्या बाकावर कोण?" मी नावं सांगितली. त्यात कमरीपेठेतल्या आमच्याच गल्लीतली शोभा होती.

दुसऱ्या दिवशी आप्पा अर्धी रजा टाकून शाळेत आले. मी वर्गाच्या दाराशी उभी होते.

"अक्कोरू, माझी मुलगी पहिल्या बाकावर आहे," ते म्हणाले. "म्हणूनच बोलायला आलो. मागच्या बाकावर असती तर तुम्हाला वाटलं असतं, पोरीसाठी भांडतोय."

"बोला की."

"आम्ही बौद्ध. गावच्या शाळेत मला दाराजवळ बसवायचे. कारण निराळं होतं, मला कळतं ते. पण पोराची जागा एकदा ठरवून टाकली की त्यालाही वाटायला लागतं, आपली जागा हीच. हे बाक मोडा."

अक्कोरूंचा चेहरा लाल झाला. "मी कधी कुणाची जात बघितली नाही! मार्क बघते. वीस वर्षं शिकवतेय मी, आणि तुम्ही माझ्यावर हा आरोप करता?"

"आरोप नाही. मला जे दिसलं ते सांगितलं," आप्पा म्हणाले, नमस्कार केला आणि कारखान्यात परत गेले.

त्या दिवसापासून अक्कोरू माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मी हात वर केला की त्यांची नजर माझ्या डोक्यावरून मागं जायची. माझ्या वहीत एरवी लाल शाईत शेरे असायचे, आता नुसती सही. दहावीचं वर्ष आणि माझं कशात लक्ष लागेना. घरी मी आप्पांवर राग काढला. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं शाळेत यायला?"

आप्पांनी एवढंच विचारलं, "चालतायत का त्या वर्गात?"

"दिवसभर."

"मग विचार करतायत. थांब थोडी."

तिसऱ्या आठवड्यात अक्कोरूंनी अचानक माझ्या हातात खडू दिला, एक प्रमेय सिद्ध करायला सांगितलं आणि त्या सरळ मागं जाऊन शोभाशेजारी बसल्या. मी लिहीत गेले. मधेच मागून आवाज आला, "थांब. फळ्यावर उन्हाची तिरीप पडलीय. इथून खालच्या ओळी दिसतच नाहीत. शोभा, तुला दिसतात?"

"नाही, अक्कोरू."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

शोभा खाली मान घालून म्हणाली, "शेवटच्या बाकावरनं काय बोलायचं?"

सोमवारपासून दर आठवड्याला बाक बदलायचे असं ठरलं. शोभा गणितात काठावर का होईना, पास झाली. माझ्या वहीत पुन्हा लाल शेरे आले. पण त्या तीन आठवड्यांबद्दल अक्कोरू माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि आप्पांशीही नाही.

मी पुढं धारवाडला शिकले, नवनगरच्या एका शाळेत शिक्षिका झाले. गेल्या वर्षी पालकसभेत एका मुलीची आई उठून म्हणाली, "मॅडम, शंका विचारणाऱ्या पोरांची तुम्ही टिंगल करता. माझी मुलगी आता वर्गात तोंडच उघडत नाही." मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. सगळ्यांसमोर तिच्या मुलीचे मार्क वाचून दाखवले. बाई निघून गेली. मी जिंकले होते, आणि चार दिवस मला अन्न गोड लागत नव्हतं. रविवारी बस धरून केशवापूरला अक्कोरूंकडे गेले. निवृत्त होऊन त्या मुलाकडे राहत होत्या. चहा पिताना सगळं सांगितलं. वाटलं होतं, त्या तरी माझी बाजू घेतील.

"ती म्हणते ते खरं आहे का?" त्यांनी विचारलं.

"थोडंफार."

"थोडंफार म्हणजे किती?"

मी बिस्किटांची बशी त्यांच्याकडे सरकवली. त्यांनीच विषय बदलला. "तुझे आप्पा कसे आहेत?"

"आप्पा गेले, अक्कोरू. तीन वर्षं झाली."

त्यांनी कप खाली ठेवला. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "त्यांना मी कधी सांगितलंच नाही की तुमचं बरोबर होतं. बाक बदलले, वाटलं तेवढं पुरे. त्यांच्यावरचा राग तुझ्यावर काढला, तेही तुला सांगितलं नाही. बाजारात एकदा समोरासमोर आले होते ते. नमस्कार करून बाजूला झाले. मी म्हटलं, पुढच्या खेपेला सांगू."

"आप्पांना कळलं होतं. बाक बदलल्याचं मी सांगितलं होतं त्यांना."

"त्यांना कळलं असेल. पण सांगायचं काम माझं होतं." मग एकदम म्हणाल्या, "त्या बाईचं घर कुठं आहे?"

"नवनगरलाच."

"मग इथं काय करतेस? ऊठ!"

बसमधून उतरून मी घरी न जाता थेट त्या बाईच्या दारात गेले. तिनं दार अर्धवटच उघडलं. "आता काय राहिलं, मॅडम?"

"तुमचं बोलणं मी मधेच तोडलं होतं. ते ऐकायला आलेय."

ती चांगला अर्धा तास बोलली. मी ऐकून घेतलं. त्यातलं निम्मं मला पटलं नाही, आणि तसं मी संध्याकाळी अक्कोरूंना फोनवर सांगितलंही.

"जे पटलं नाही ते लिहून ठेव," त्या म्हणाल्या. "महिन्याभरानं परत वाच."

मी सात गोष्टी लिहिल्या. महिना भरायच्या आत अक्कोरू गेल्या. तो कागद पर्समध्ये असतो. पटत गेल्या तशा त्यातल्या चार मी आजवर खोडल्या आहेत. उरलेल्या तीन शाळेत शिरण्याआधी रोज वाचते.