बिबड्यांची राखण

दम्यानं मला काय काय शिकवलं ते सांगत बसले तर पुन्हा धाप लागेल. पण माणसं काळजीपोटीही एखाद्याला एकटं पाडतात, हे मला या दुखण्यातच कळलं.

दवाखान्यातून घरी आले तेव्हा सुरुवातीला ओट्यावर बसायला जागा नसायची. येणारी प्रत्येक बाई दम्यानं गेलेल्या एखाद्या नातेवाइकाची साग्रसंगीत हकीकत सांगायची आणि मला धीर देऊन जायची. मग कुणीतरी फर्मान काढलं, की बोलल्यानं हिला धाप लागते, हिला आराम करू द्या. झालं. सगळ्या गल्लीनं मला मनापासून आराम दिला. मुलगा सुरतेहून रोज संध्याकाळी फोनवर दिसायचा. बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावून त्याला दाखवायचं. "माय, आकडा कितला उना?" आकडा चांगला असला की त्याला हायसं वाटायचं आणि फोन बंद व्हायचा. वाईट असला की जरा जास्त बोलायचा.

उन्हाळा लागला. आमच्याकडे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, कुणी एकटीनं करत नाही. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या. चुलीवर ज्वारीचा घाटा शिजतो, बायका तो ओल्या धोतरावर थापतात आणि थापता थापता गावातल्या यच्चयावत सुनांचा निकाल लावतात. माझा हात थापण्यात चांगला होता, निकालातही. पण यंदा समोरची शेजारीण मला बोलवायला नव्हे, समजवायला आली. "तुले धूर चालस नई, आक्का. तू घरमाच बठ." इतक्या मायेनं म्हणाली की रागवायचीही सोय नव्हती. मी खिडकी लावून घेतली. धूर बाहेर राहिला, त्यांचं हसणं मात्र आत येत होतं. मला फार वाईट वाटलं.

पुढे तिच्या अंगणात कावळ्यांनी उच्छाद मांडला, तशी ती बिबड्यांची खाटच माझ्या अंगणात घेऊन आली. "तू घरच शे ना? नुसता कावळा हाकलजो." आजारी बाई म्हणजे फुकटचं बुजगावणं, हे तिला बरोबर सुचलं. मी काठी घेऊन बसले. उन्हं उतरल्यावर ती आली, धोतराला मागून पाणी लावत बिबडे सोडवले, पुन्हा पसरले, आणि तेवढ्यात तिची सून, नणंद, सगळं बोलून झालं. माझी धाप कुणाला आठवली नाही. मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी ती न्यायला आली तेव्हा मी म्हटलं, "आजून वल्ला शेतस." ती बसली, चहा झाला. पुढच्या प्रत्येक खाटेला मी हेच सांगत गेले. आमच्या वैशाखात नवी कोरी बादली तडकते, पण माझ्या अंगणातले बिबडे काही वाळत नव्हते.

मग शेवटची खाट आली. सगळ्यांची धोतरं धुऊन दोरीवर पडली होती. हे बिबडे गेले की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत माझ्याकडे यायला कुणाला कारण उरणार नव्हतं.

ती डबा घेऊन आली. मी नेहमीचं सांगायला तोंड उघडलं आणि खोकल्याची उबळ आली. शब्द फुटेना. तिनं एक बिबडा उचलला. तो तिच्या हातात कडकन मोडला.

एक तुकडा तिनं मला दिला, एक स्वतःच्या तोंडात टाकला. कुरकुर वाजवत चावून झाल्यावर म्हणाली, "वल्लाच शेतस, आक्का. ऱ्हाऊ दे. मी सकाय यीसू."

आणि रिकामा डबा घेऊन घरी गेली.